सोमवार मावळल्यावर

जिल्ह्यातल्या वकीलमंडळींनी आपल्या दिवंगत थोरांची एक चरित्रमाला छापायचं मनावर घेतलं आहे. माझे वडील, एलिफलेट ट्रूस्डेल, तिच्यात तिसऱ्या क्रमांकावर आहेत. त्यांचं शिक्षण, त्यांचे गाजलेले खटले, त्यांचं वक्तृत्व ही प्रकरणं इतरांकडे गेली. 'कुटुंब' हे प्रकरण मुलाने लिहावं असं ठरलं. मला आलेल्या पत्रात दोन पानांची मर्यादा घातली आहे आणि सूर कृतज्ञ असावा अशी सूचना आहे.

शब्द चाळत बसण्यात आयुष्य गेल्यामुळे मी पहिल्याच शब्दावर अडलो. आमच्या कनेटिकटमध्ये माझ्या लहानपणी 'कुटुंब' म्हणजे एका छपराखाली राहून एका चुलीवरचं खाणारी सगळी माणसं. सकाळच्या प्रार्थनेत वडील 'या कुटुंबावर कृपा असू दे' म्हणत, तेव्हा त्यात आई, मी, मेहिटेबल आत्या, वडिलांकडे कायदा शिकायला राहिलेला एखादा तरुण, आणि स्वयंपाकघरातली फ्लोरा व तिची मुलगी झिल्पा, एवढी सगळी धरलेली असत. फ्लोरा आईबरोबर तिच्या माहेरून आली होती. म्हणजे आजोबांनी ती लेकीला लग्नात दिली होती, एक कपाट आणि दोन पिसांच्या गाद्यांसोबत. प्रार्थनेत त्या मायलेकी कुटुंबात होत्या. मालमत्तेच्या यादीत त्या गुरांच्या खाली आणि भांड्यांच्या वर होत्या. या दोन मजकुरांत काही विसंगती आहे असं आमच्या घरात कुणाला कधी वाटलं नाही, आणि विसंगती शोधण्यावरच तर त्या घराचं पोट चाले.

आमच्या राज्याने १७८४ साली एक कायदा केला. त्या वर्षीच्या मार्च महिन्याच्या पहिल्या तारखेनंतर जन्मलेलं गुलाम बाईचं मूल पंचविसावं वर्ष पूर्ण होताच स्वतंत्र होणार होतं. त्या तारखेपर्यंत जन्मलेलं मूल जन्मभर गुलाम राहणार होतं. स्वातंत्र्याच्या नावाने नुकतंच एक युद्ध जिंकून आलेल्या लोकांनी याहून सावध कायदा केला असता तर त्यात स्वातंत्र्य उरलंच नसतं.

झिल्पा त्या मार्चच्या पहिल्या सोमवारी, दिवे लागल्यानंतर जन्मली. पंचांगाप्रमाणे त्या सोमवारी एक तारीख होती. मोठ्या बायबलमध्ये घरातले जन्म-मृत्यू लिहायला काही कोरी पानं असतात. त्यांतल्या एका पानावर आईने लिहिलं, 'फ्लोराची झिल्पा, सोमवारी सूर्य मावळल्यावर, मार्च २, १७८४.'

ही लिहिण्यातली चूक नव्हती. शब्बाथ, म्हणजे काम वर्ज्य असलेला देवाचा दिवस, शनिवारी सूर्यास्ताला लागतो आणि रविवारी सूर्यास्ताला सुटतो, हे आमच्या गावात सगळेच मानत. शनिवारी संध्याकाळी पिंपाला कड्या ठोकत बसलेल्या एका कारागिराला वडिलांनी, गावचे दंडाधिकारी या नात्याने, स्वतः दंड केला होता. आई मात्र धर्मोपदेशकाची मुलगी. सृष्टी निर्माण करताना देवाने पहिल्या दिवसाची मोजणी संध्याकाळपासून केली, तर ती फक्त शब्बाथपुरती कशी असेल, असा तिचा प्रश्न असे. तिच्या घरात प्रत्येक तारीख सूर्यास्ताला बदले. माझाही जन्म दिवेलागणीनंतरचा, बुधवारचा, पंचांगाच्या हिशेबाने एकोणीस ऑक्टोबरचा. दर वर्षी एकोणीस तारखेचा सूर्य बुडाला की आई मला टेबलापाशी उभं करी आणि म्हणे, "लागली वीस. म्हण." मग जितकं वय तितव्या क्रमांकाचं स्तोत्र मी म्हणायचो. मार्चच्या एक तारखेला, सूर्य बुडाल्यावर, ती तसंच झिल्पाला उभं करी. "लागली दोन. म्हण." स्तोत्रांच्या बाबतीत आई दोघांत भेद करत नसे. झिल्पाचं पाठांतर माझ्याहून चांगलं होतं. तिला वाचायलाही आईनेच शिकवलं.

आई १८०१ साली गेली, फ्लोरा तिच्यानंतर तीन वर्षांनी.

१८०९च्या फेब्रुवारीत मी कॉलेज संपवून घरी बसलो होतो. तिथेच शिकवायची जागा मिळायची होती आणि पत्राची वाट बघणं चाललं होतं. एका सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो तर झिल्पा खारवलेल्या मांसाचे तुकडे करत होती.

"ये, बस. मांजरासारखा दारात उभा राहू नकोस," ती म्हणाली. कॉलेजातून आल्यापासून, वडील आणि आत्या सोडले तर, मला 'अरे' म्हणणारी ती एकटीच उरली होती.

"काही हवंय का तुला?"

"हवंय म्हणून तर बस म्हणतेय. लेव्हाय स्पॉल्डिंगने दावा लावलाय. माझ्या वतीने. साहेबांवर."

लेव्हाय हा तीन वर्षं आमच्या घरी राहून, वडिलांची पुस्तकं वाचून आणि झिल्पाच्या हातची मक्याची पेज खाऊन वकील झालेला माणूस. मी म्हणालो, "तो हरेल. बाबांपुढे उभा राहिला की त्याची बोबडी वळते."

"बोलायचं त्याला नाहीच आहे फारसं. बोलायचंय तुला." तिने सुरी खाली ठेवली. "कायद्यात तारीख लिहिलीय, पण दिवस कधी सुरू होतो ते लिहिलेलंच नाही म्हणे. लेव्हाय म्हणतो, न्यायाधीश विचारणार, या घरात तारीख कशी मोजत होते? मालकाने घर ज्या मोजणीने चालवलं, तीच त्याला लागू. आता मला साक्ष देता येत नाही, साहेबांनाही नाही. ज्याचा दावा त्याचं तोंड बांधलेलं. बाईसाहेब नाहीत, माझी आई नाही. आत्याबाईंना सोयीने ऐकू येतं. राहिलं कोण?"

"मी काय सांगायचं?"

"स्तोत्र कधी म्हणायचो ते. मला दर एक मार्चला सूर्य बुडाल्यावर उभं करून 'लागली दोन' म्हणायच्या, एवढं एकच वाक्य. मध्ये ग्रीक नको घालूस."

मी हसलो. ती हसली नाही.

"आणि मग कुठे जाशील?" मी विचारलं.

"बंदरावर. एका खाणावळीत स्वयंपाकाला बोलावलंय. खोली आहे, वरच्या मजल्यावर. बघून आले मी." मग सुरी परत उचलत म्हणाली, "कडी आतून आहे."

आमच्या घरात तिच्या खोलीला कडी बाहेरून होती. मला हे तेवीस वर्षं माहीत होतं, आणि त्या क्षणापर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"सांगेन," मी म्हणालो. "त्यात काय."

वडिलांनी मला खोटं बोलायला कधीही सांगितलं नाही. चरित्रकारांनी ही गोष्ट अवश्य नोंदवावी. खटल्याच्या आदल्या सकाळी न्याहारीच्या वेळी मी धीर करून म्हटलं, "बाबा, पंचवीस वर्षं झालीच आहेत. तिने नुसतं मागितलं असतं तरी तुम्ही दिलं असतंत ना?"

"कदाचित दिलं असतं," ते पाव मोडत म्हणाले. "पण तिने मागितलं नाही, दावा केला. दोन्हींत फरक असतो. तुमच्या कॉलेजात शिकवत नाहीत वाटतं?"

"दावा खरा असेल तर?"

"तर सिद्ध होईल. त्यासाठीच न्यायालय आहे. माझ्या बायकोच्या अक्षराने मला कोणी हरवायला निघालं, तर मी त्याला तसं करू द्यायचं? चारचौघांत?"

"जेरेड, वडिलांना छळू नकोस, त्यांची कॉफी थंड होतेय," मेहिटेबल आत्या म्हणाली. ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती आणि तिला ऐकू येत नाही असं सगळे धरून चालत.

वडिलांनी रुमालाने ओठ टिपले. "तुला बोलावलंय त्यांनी. जा, खुशाल जा. विचारतील तेवढ्याचंच उत्तर दे. जे निश्चित ठाऊक असेल तेवढंच बोल. विद्वानाचं लक्षणच ते. बाकीचे लोक आठवणींवर बोलतात."

त्या वाक्यात मला नेमकं काय देऊ केलं होतं, हे समजायला मला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. ते मला सोयीचं होतं हेही मला समजलं. कॉलेजचं पत्र अजून यायचं होतं. ते ज्यांच्या सहीने येणार, ते वडिलांचे स्नेही होते. पण मी इथे एवढंच कारण दिलं तर तो स्वतःवर केलेला उपकार ठरेल. भीतीला निदान काही प्रतिष्ठा असते. खरं कारण मला न्यायालयात उभा राहिल्यावर कळलं.

दहा मैलांवर जिल्ह्याचं गाव. मार्चचा चिखल. दालन भरलेलं होतं, कारण वकील ट्रूस्डेल आपल्याच स्वयंपाकिणीविरुद्ध उभे राहणार ही करमणूक कुणी चुकवली नव्हती. झिल्पा आईची जुनी करडी शाल पांघरून पुढच्या बाकावर बसली होती. लेव्हायने बायबल उघडून ते पान न्यायाधीशांपुढे ठेवलं. वडील उठून इतकंच म्हणाले की, वार आणि तारीख जुळत नाहीत. घाईत लिहिणाऱ्या बाईचा वार सहसा चुकत नाही, आकडा चुकतो. "आणि माझ्या पत्नीविषयी मी याहून अधिक काही बोलणार नाही." दालनात काही बायकांनी डोळे पुसले.

लेव्हायने त्यांना शनिवारच्या पिंपवाल्याची आठवण करून दिली.

"शब्बाथ देवाचा," वडील म्हणाले. "सोमवार राज्याचा. स्पॉल्डिंगसाहेबांनी माझ्याकडे शिकताना तेवढा धडा चुकवलेला दिसतो."

लोक हसले. मग लेव्हायने मला बोलावलं.

"ट्रूस्डेलसाहेब, तुमच्या घरात तारीख केव्हा बदलायची?"

मी म्हणालो, "दिवसाचा आरंभ केव्हा, याविषयी जगात एकवाक्यता नाही."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि दालन शांत झालं. वडिलांनी मान वर केली. मी बोलताना त्यांनी असं माझ्याकडे पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. आणि मी बोलत गेलो. बॅबिलोनचे लोक दिवस सूर्योदयापासून मोजत. अथेन्सचे सूर्यास्तापासून. इजिप्तच्या पुरोहितांविषयी दोन मतं आहेत. रोमनांचा नागरी दिवस मध्यरात्रीला सुरू होई, आणि आपल्या कायद्याचा बराचसा वारसा रोमनांकडून आलेला आहे. मला थांबवायला कुणी उठेना. आपण किती सुरेख बोलतो आहोत हे मला ऐकू येत होतं.

न्यायाधीश वयस्क होते, पायांशी निखाऱ्यांची पेटी घेऊन बसलेले. ते म्हणाले, "तरुण गृहस्थ, बॅबिलोन या जिल्ह्यात येत नाही. तुमच्या आईच्या घराचं विचारताहेत."

पुन्हा हशा. मीही हसलो.

"शब्बाथपुरता दिवस सूर्यास्तापासून, हे सर्वांना ठाऊक आहे," मी म्हणालो. "इतर दिवसांच्या बाबतीत आईचा काही नियम होता, की प्रसंगापुरती सवय, हे मला निश्चितपणे सांगता येणार नाही."

लेव्हायचा चेहरा उतरला. "वाढदिवसाला तुम्ही दोघं स्तोत्र म्हणत होतात ना?"

"हो."

"कोणत्या तारखेला?"

"संध्याकाळी म्हणत असू."

"कोणत्या तारखेच्या संध्याकाळी, साहेब? पंचांगाच्या?"

"त्या वयात," मी म्हणालो, "मी पंचांगं वाचत नव्हतो."

ह्या वाक्याला सर्वांत मोठा हशा मिळाला. त्या हशात झिल्पा अर्धवट उठली आणि म्हणाली, "जेरेड, लागली दोन..."

"बाई, खाली बसा," न्यायालयाचा कारकून म्हणाला. "पक्षकाराला बोलता येत नाही."

ती बसली. मी तिच्याकडे बघितलं नाही, असं लिहिणं सोपं आहे. मी बघितलं. ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी एखादा शब्द विसरलो आहे आणि ती तो मला ओठांच्या हालचालीने सुचवते आहे. लहानपणी स्तोत्र म्हणताना मी अडलो की ती असंच करायची.

न्यायाधीशांनी तासाभरात निकाल दिला. घरातली मोजणी सिद्ध झाली नाही. घरात वाढलेला, सुशिक्षित आणि दाव्यात काही हितसंबंध नसलेला साक्षीदारही ती सांगू शकला नाही. तेव्हा सर्वसाधारण मोजणी धरावी लागते. सोमवार, मार्च एक. झिल्पा जन्मभर गुलाम.

परतताना आम्ही तिघं एकाच गाडीत होतो, कारण तिला जायला दुसरं घर नव्हतं. वडिलांच्या हाती लगाम होता, मी शेजारी, ती मागे. मैलभर गेलो. मग वडील म्हणाले, "चांगला बोललास आज."

माझ्या बाबतीत त्यांनी उच्चारलेले हे एकमेव प्रशंसेचे शब्द. ते ऐकून मला आनंद झाला. मी हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण चरित्रमालेच्या दोन पानांत त्याला जागा मिळणार नाही: मागे ती बसलेली असताना मला आनंद झाला.

"साहेब, पुढे खड्डा आहे," मागून झिल्पा म्हणाली. "डावीकडून घ्या."

घरी पोचल्यावर तिने चूल पेटवली आणि दारातून मला विचारलं, "तुम्हाला पेज गरम करून देऊ का?"

'तुम्हाला' हा शब्द मी ऐकला. मी हो म्हटलं.

नंतर अकरा वर्षं मी कॉलेजात शिकवत होतो. त्या साक्षीत मी जे बोललो त्याचा विस्तार करून 'प्राचीनांची दिवसगणना' या विषयावर मी एक निबंध छापला. तो वाखाणला गेला. सुट्टीत घरी आलो की झिल्पा मला वाढायची, माझ्या शर्टांना कॉलर लावून द्यायची, आणि विचारल्याशिवाय काही बोलायची नाही. स्वयंपाकघरात जायचं मी सोडून दिलं. आत्याचं बहिरेपण वाढत गेलं, म्हणजे ती घरात कुणाशीच बोलेनाशी झाली.

१८२०च्या वसंतात वडील गेले. मृत्युपत्र त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, अर्थात निर्दोष. घर, जमीन, ग्रंथसंग्रह माझ्या नावे. पुढे एक कलम होतं: 'तसेच झिल्पा नावाची स्त्री, जिच्याविषयी न्यायालयाने दिलेला निर्णय माझ्या मुलास विदित आहे, माझ्या मुलास.'

ते वाचून मला पहिल्यांदा असं वाटलं की वडिलांनी मला पूर्ण ओळखलं होतं.

अंत्यविधीनंतर तिसऱ्या दिवशी दुपारी मी मुक्तिपत्र लिहून स्वयंपाकघरात नेलं. मजकूर नेहमीचा होता. अशी पत्रं मी वडिलांच्या दप्तरात पाहिलेली होती. 'मी, जेरेड ट्रूस्डेल, आपल्या खुशीने आणि सद्भावनेने, झिल्पा हिला आजपासून स्वतंत्र करीत आहे.' आत्या चुलीशी बसून विणत होती. झिल्पाने हात पुसले, कागद खिडकीपाशी नेला आणि सावकाश वाचला.

"हे बरोबर नाही," ती म्हणाली.

"कुठे?"

"'आजपासून' लिहिलंय."

"मग?"

"आजपासून नाही. अकरा वर्षं झाली. मार्च दोन, अठराशे नऊ."

"झिल्पा, न्यायालयाचा निर्णय आहे. तो मला बदलता येत नाही."

"निर्णय त्यांचा. तो राहू दे त्यांच्याकडे." तिने कागद टेबलावर ठेवला. "साक्ष तर तुमची होती ना?"

मी तिला समजावू लागलो. पूर्वीची तारीख घातली तर कागदावर आक्षेप येईल. या कागदाने ती तितकीच मुक्त होते, दरवाजातून बाहेर पडताना तारखेने काही फरक पडत नाही. शब्दापेक्षा वस्तू महत्त्वाची. सगळे मुद्दे चांगले होते. ती ऐकत होती, आणि मध्येच तिने पिठाचं भांडं पुढे ओढलं.

"साहेब, तुम्ही मला देताय," ती म्हणाली. "जे माझंच होतं ते तुमच्या खुशीने आणि, काय ते, सद्भावनेने देताय. मग मी ते घ्यायचं आणि आभार मानायचे. नको मला. मी आहे तशी आहे इथे. उद्या लोणी काढायचंय."

"म्हणजे तू गुलाम राहणार? एका तारखेसाठी?"

"मी नाही राहणार. तुम्ही ठेवणार."

दोन दिवस मी तिचा मालक म्हणून राहिलो. ती पहाटे उठून चूल पेटवत होती, मी तिच्या हातचं खात होतो, आणि कुणालाही, अगदी मेलेल्या माणसालाही, दोष द्यायला जागा नव्हती. तिसऱ्या दिवशी मी एक नवा कागद नेला. 'आजपासून' काढून मी त्या जागी 'यापूर्वीच' घातलं होतं. 'झिल्पा ही यापूर्वीच स्वतंत्र आहे, असे मी जाहीर करतो.' तो शब्द सापडला तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, हेही सांगितलं पाहिजे.

तिने वाचलं. "यापूर्वी म्हणजे कधी?"

मी कागदावरचा तो शब्द पुन्हा बोटाने दाखवला.

"शब्द फार आहेत तुमच्याकडे," ती म्हणाली.

"दे इकडे," मेहिटेबल आत्या म्हणाली. तिने विणकाम मांडीवरून बाजूला ठेवलं. "मला बहिरेपणाचा कंटाळा आलाय. थँकफुल दर वर्षी त्या पोरीला त्या तिथे, त्या टेबलापाशी उभी करायची, आणि मी इथे बसून ऐकायची. अकरा वर्षांपूर्वी मला कुणी विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. भावाचं घर होतं, दोन वेळचं जेवण होतं. लेखणी आण, जेरेड. उभा काय राहिलास?"

थँकफुल म्हणजे माझी आई. आत्याने तिचं नाव घेतल्याला कैक वर्षं झाली होती.

झिल्पाने 'यापूर्वीच' या शब्दावर रेघ मारली आणि वर, आईने शिकवलेल्या त्या उभट अक्षरात, लिहिलं, 'मार्च २, १८०९पासून'. वडिलांच्या धंद्यात खाडाखोडीशेजारी सही लागते, नाहीतर कागद खोटा ठरतो. आत्याने साक्षीदार म्हणून सही केली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. तिच्यानंतर मी केली. एका म्हातारीने लाज सोडल्यावर मग मी सोडली, हा क्रम त्या कागदावर आजही दिसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि झिल्पा गावच्या नोंदणी कचेरीत गेलो. असा कागद गावच्या दप्तरात उतरवून घेतल्याशिवाय त्याला अर्थ नसतो. कारकून वाइल्डर हा भला माणूस. वडिलांनीच त्याला ती जागा मिळवून दिली होती. त्याने चष्मा लावून कागद वाचला, आणि पुन्हा वाचला.

"साहेब, तारखेत काहीतरी..."

"तारीख बरोबर आहे," मी म्हणालो.

"पण इथे तर तेव्हाचा निकाल उलटा आहे. मी स्वतः हजर होतो. तुमचं ते बॅबिलोन अजून आठवतं मला." तो अगदी मनापासून हसला. "मग आता नोंद करायची तर कारण लिहावं लागेल. काय कारण घालू?"

"साक्ष," मी म्हणालो. "माझी साक्ष."

"तिचं काय?"

झिल्पा दाराजवळ गाठोडं घेऊन उभी होती. बंदराकडची गाडी तासाभरात सुटणार होती. ती कारकुनाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मला एकच शब्द उच्चारायचा होता. 'खोटी.' इंग्रजीत, ग्रीकमध्ये, लॅटिनमध्ये, कुठल्याही भाषेत तो शब्द लहान आहे.

वाइल्डरने मान हलवली. त्याला माझी अडचण दिसली होती, आणि ती दूर करण्यात त्याला आनंद वाटत होता. "समजलं, साहेब. इतक्या वर्षांपूर्वीच्या लहानपणच्या गोष्टी. राहून जातं माणसाकडून. 'साक्षीदाराच्या स्मरणदोषामुळे', असं घालू?"

झिल्पाने गाठोडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"घाला," मी म्हणालो.

त्याने लिहिलं आणि शाईवर वाळू टाकली.

"तारीख वाचून दाखवा," झिल्पा त्याला म्हणाली.

त्याने वाचून दाखवली. तिने कागद घेतला, घडी घालून शालीच्या आत ठेवला, आणि आम्हा दोघांनाही काही न म्हणता निघून गेली. पायऱ्यांवरून तिची पावलं खाली उतरताना ऐकू आली, मग रस्त्यावर ती ऐकू येईनाशी झाली.

"सगळ्यांनाच होतो असा विसर," वाइल्डर वही मिटत म्हणाला. "मनाला लावून घेऊ नका."

मी त्याचे आभार मानले.